आधी मांजरपाट, मग पैठणी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खानदेशात शिवणाऱ्या बायकांच्या ओट्यावर पिशव्यांचा ढीग लागतो. लेकी माहेरी यायच्या असतात, लग्नसराई डोक्यावर असते. प्रत्येक पिशवीत एक साडी, तिचा ब्लाउजपीस आणि ‘मापाला’ म्हणून एक जुनं पोलकं. खरी गडबड या मापाच्या पोलक्यातच असते. ते दोन वर्षांपूर्वीचं असतं, धुऊन आटलेलं किंवा अंगावर वापरून सैलावलेलं असतं, आणि बहुतेक वेळा निराळ्याच कापडाचं असतं. त्यावरून बेतलेलं नवं पोलकं फार तर जुन्याइतकं चांगलं बसेल. जुन्याचे दोष मात्र सगळे उतरतील.

टेपनं अंगावर माप घेतलं तरी अर्धंच काम होतं. टेप घेर सांगते, आकार सांगत नाही. दोघींची छाती ३६ भरली, पण एकीची पाठ रुंद आणि पुढून सपाट, दुसरीची पाठ अरुंद आणि पुढचा उभार जास्त, तर एकाच ड्राफ्टवर (कागदावरच्या आखणीवर) दोघींचं पोलकं शिवून दोन्ही बिघडतील. खांदे उतरते आहेत की चौकोनी, पाठीला बाक आहे का, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे का, हे टेपवर उमटत नाही. कापडावर उमटतं. म्हणून महागाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडाचं कच्चं पोलकं शिवायचं, अंगावर घालायचं, आणि कापड कुठं ओढतंय, कुठं झोळ देतंय ते वाचायचं.

साडीबरोबरचा ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर ते १ मीटर असतो. तो चुकला की तसाच दुसरा मिळत नाही. टिश्यू, ब्रोकेड, रॉ सिल्क यांत सुईची भोकं राहतात. उसवून परत शिवलेली टीप कायम दिसते. एका मीटर मांजरपाटाचे पैसे आणि दोन तासांचं काम वाचवण्यासाठी हा धोका घ्यावा असं मला वाटत नाही.

कापड कोणतं

दुकानात कोरा मांजरपाट मागा. जळगावला फुले मार्केटात किंवा तालुक्याच्या कुठल्याही अस्तर-लेसच्या दुकानात तो मिळतो. ३६ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर ३६ छातीच्या, कोपरापर्यंत बाहीच्या पोलक्याला १ मीटर पुरतो. छाती ४२च्या पुढे असेल किंवा बाही लांब असेल तर दीड मीटर घ्या.

कोऱ्या मांजरपाटात खळ असते. खळीचं कापड ताठ उभं राहतं, अंगावर बसत नाही, आणि नसलेले झोळ दाखवतं. शिवाय पहिल्या धुण्यात ते आटतं. म्हणून रात्रभर पाण्यात टाका, सकाळी चोळून धुवा, वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळायला तासभर पुरतो, तेव्हा वेळ नाही ही सबब चालायची नाही. इस्त्री उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेनंच फिरवा. तिरपी फिरवली तर कापड ताणून वाकडं होतं. कडा सरळ हवी असेल तर कात्रीनं छोटा काप देऊन कापड फाडा. मांजरपाट धाग्यात सरळ फाटतो.

पैठणी, खण, ब्रोकेड, रॉ सिल्क यांच्यासाठी मांजरपाट योग्य, कारण ही कापडं फारशी लवत नाहीत. जॉर्जेट, शिफॉन, क्रेपचं पोलकं असेल आणि त्याला अस्तर घट्ट जोडायचं असेल तरीही मांजरपाट चालतो, कारण फिटिंग अस्तर ठरवतं, वरचं कापड त्याच्यावर नुसतं बसतं. बिनअस्तराचं झुळझुळीत पोलकं असेल तर मात्र धुतलेली मलमल घ्या. होजिअरीच्या, लायक्राच्या पोलक्याला यांतलं काहीच चालत नाही, त्याला तसंच ताणणारं कापड लागतं. जुनी चादर वापरायला हरकत नाही, पण उजेडात धरून बघा. मधून विरलेली चादर जिथं अंगाचा ताण येतो नेमकी तिथंच सैल पडते आणि सगळं ठीक असल्याची थाप मारते.

आणखी एक रीत आहे, आणि काटकसरीच्या घरात तीच चालते. आधी फक्त अस्तर कापायचं, कच्चं जोडायचं, अंगावर बघायचं, दुरुस्त करायचं, मग उसवून तेच अस्तर वरच्या कापडावर ठेवून कापायचं. टू बाय टूच्या (दुहेरी धाग्याच्या सुती कापडाच्या) अस्तराला हे छान जमतं, वाया काहीच जात नाही, आणि सुईची भोकं आत झाकली जातात. पण मर्यादा ध्यानात ठेवा. अस्तरातून कमी करता येतं, मायेपुरतं (टिपेबाहेर सोडलेल्या कापडापुरतं) वाढवताही येतं. मध्येच कापून उघडायचं असेल, उभारासाठी लांबी घालायची असेल, तर अस्तर नव्यानं कापावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच शिवत असलेल्या अंगाला, कटोरीला (छातीला वाटीच्या आकाराचा वेगळा तुकडा) आणि प्रिन्सेस कटला (छातीवरून तळापर्यंत जाणारी उभी शिवण) मांजरपाट. त्याच बाईचं दुसरं-तिसरं पोलकं असेल तर अस्तराची ट्रायल पुरे.

कापताना

रोजच्या ड्राफ्टवर माया वाढवा. कडेला दीड इंच, खांद्याला १ इंच, खाली १ इंच, पुढच्या मध्यावर १ इंच. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईला, अर्धा इंच पुरे. तिथं जास्त माया ठेवली तर काखेत कापड अडतं आणि मुंढा लहान आहे असं खोटंच वाटतं. गोलाईला टिपेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) अलीकडेपर्यंत, साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप द्या, म्हणजे माया उघडून सपाट बसेल.

गळा शेवटी. खोल गळ्याचं पोलकं हवं असलं तरी कच्च्यात गळा ठरल्यापेक्षा इंचभर वरच कापा आणि खरा गळा पेन्सिलीनं काढून ठेवा. गळा आधीच खोल कापला की खांदे घसरतात, आणि घसरण गळ्यामुळे आहे की खांद्याच्या उतारामुळे हे कळायला मार्ग उरत नाही. कापल्याकापल्या गळ्याच्या कडेपासून दोन सुतांवर एक टीप मारून घ्या. गळ्याची गोलाई उरेबात (तिरप्या धाग्यात) येते, नुसतं हाताळूनही ती ताणते.

आता रेघा. या आळसानं सोडल्या तर कच्चं पोलकं आंधळं होतं. पुढचा मध्य, मागचा मध्य, छातीची आडवी रेघ, खालच्या घेराची आडवी रेघ, टक्सचं (उभारासाठी शिवलेल्या निमुळत्या घडीचं) टोक जिथं येणार तो बिंदू, आणि बाहीवर उभी मधली रेघ व काखेखालची आडवी रेघ. सगळं बॉलपेननं, बाहेरच्या बाजूनं, डाव्या-उजव्या दोन्ही भागांवर. पोलकं अंगावर गेलं की आडवी रेघ जमिनीला समांतर राहायला हवी आणि उभी सरळ खाली. पाठीवरची आडवी रेघ मध्यभागी वर चढली असेल तर चूक कुठं आहे हे तिनंच सांगितलं.

काठाच्या साडीचं पोलकं असेल तर एक खास गोष्ट. साडीचा काठ किनारीला, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेनं असतो. तो बाहीच्या तळाला आणायचा म्हणजे बाही आडवी ठेवून कापावी लागते. तिची लांबी आडव्या धाग्यावर येते आणि दंडाचा घेर उभ्या धाग्यावर. उभा धागा कमी लवतो, त्यातून काठाला जरीचा ताठपणा. त्यामुळे सुती पोलक्यात आरामात बसणारी बाही काठपदरात दंडाला करकचते. कच्च्यातही बाही तशीच आडवी कापा, नाहीतर ट्रायलमध्ये ठीक आणि पैठणीत घट्ट, असं होणारच.

शिवताना

इथं फार सांगण्यासारखं नाही. मशीनचा टाका सर्वांत मोठा करा, ४ मिलिमीटरच्या आसपास. दोरा लाल किंवा निळा, म्हणजे उसवताना दिसेल. टोकाला उलटे टाके मारून पक्कं करू नका. इंटरलॉक नको, हूक नकोत. पुढचा मध्य मध्याला जुळवून टाचण्या लावायच्या. टक्स मात्र नीट शिवा आणि इस्त्री करा. उभे टक्स मध्याकडे, आडवे खाली दाबा. इस्त्री न केलेला टक्स फुगलेला राहतो आणि उभार जास्त आहे असा भास होतो. टक्सच्या टोकाशी शेवटचे तीन-चार टाके कापडाच्या घडीला अगदी लागून, जवळजवळ समांतर जाऊ द्या. एकदम तिरपं बाहेर काढलं की टोकाला चोच येते, आणि मग फिटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

बाही एकच लावली तरी चालते असं पुष्कळ जण सांगतात. दोन्ही लावाव्यात. उजव्या हातानं काम करणाऱ्या बऱ्याच जणींचा उजवा खांदा किंचित खाली असतो आणि ते एका बाहीवर कळत नाही.

घालताना

ज्या ब्रावर ते पोलकं घालायचं तीच ब्रा हवी. ब्रा बदलली की टक्सचा बिंदू अर्धा-पाऊण इंच सहज वर-खाली होतो. परकर नेहमीच्या उंचीवर बांधलेला हवा, कारण पोलक्याची लांबी त्याच्याशी ठरते. घालणारीनं समोर बघून, नेहमीसारखं उभं राहायचं. मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं की पाठ ताणते, पुढं झोळ येतो, आणि सगळं वाचन चुकतं. पाठीकडून आणि दोन्ही बाजूंनी फोनवर फोटो काढा. अंगावर नजर चुकवते, फोटोत चुण्या स्वच्छ दिसतात.

लगेच टाचण्या घेऊन तुटून पडू नका. पाच-दहा मिनिटं घालून फिरू द्या, मग हालचाली करवून घ्या. दोन्ही हात डोक्यामागे, अंबाडा बांधतो तसे. हात पुढं करून वाकायचं, कळण्याची भाकरी थापताना वाकतो तितकं. स्कूटीचं हँडल धरल्यासारखे हात. आखाजीचं पोलकं असेल तर झोक्याचा दोर धरल्यासारखे हात वर. आणि जमिनीवर मांडी घालून बसणं. लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसायचं आहे, तिथं बरगड्या फुलतात आणि खालचा पट्टा रुततो. उभ्यानं बरोबर बसलेला पट्टा बसल्यावर श्वास अडवत असेल तर घेरात अर्धा इंच हवाच.

ओढ आणि झोळ

सगळ्या फिटिंगचं मूळ या दोन शब्दांत आहे. ओढ म्हणजे ताणलेली, कडक, सरळ चुणी: कापड कमी पडतंय. झोळ म्हणजे मऊ, लोंबणारी घडी: कापड जास्त आहे. ओढ आडवी असेल तर रुंदी कमी, उभी असेल तर लांबी कमी. झोळ उलटा वाचायचा: आडवा झोळ म्हणजे लांबी जास्त, उभा झोळ म्हणजे रुंदी जास्त. तिरप्या चुणीचं एक टोक नेहमी दोषाकडे बोट दाखवतं, बहुतेक वेळा खांद्याच्या टोकाकडे नाहीतर उभाराकडे.

वाचन वरून खाली. आधी खांदा, मग पाठ, मग छाती, मग कडा, मग मुंढा-बाही, शेवटी खालचा घेर. पोलकं खांद्यावर लोंबतं. खांदा हलला की खालचं सगळं हलतं. कड आधी दाबली आणि खांदा नंतर उचलला तर कडेची मेहनत फुकट जाते. एका वेळी एकच दुरुस्ती करा, बघा, मग पुढची.

खांदे उतरते असतील तर मानेपासून काखेकडे तिरपे झोळ येतात. खांद्याच्या टोकाला चिमटा घ्या, मानेकडे शून्य करत आणा. झोळ गेला की थांबा. पण टोक जितकं खाली आलं तितकाच मुंढ्याचा तळही खाली न्यायचा, नाहीतर मुंढा लहान होऊन काख कापते. चौकोनी खांद्यांत उलटं घडतं. खांद्याच्या टोकातून ओढ आणि मागच्या गळ्याखाली आडवी घडी. तिथं टोकाला माया सोडा आणि मुंढ्याचा तळ तितकाच वर घ्या. फक्त एकच खांदा खाली असेल तर फक्त त्याच बाजूचा कागद बदलायचा, त्या बाजूवर मोठ्या अक्षरात ‘उजवी’ लिहून. फरक दोन सुतांपेक्षा कमी असेल तर सोडून द्या, पदर झाकतो.

पाठीला बाक असेल तर पोलक्याचा मागचा तळ वर उचलला जातो आणि गळा मानेपासून सुटतो. लोक इथं गळा दाबत बसतात. पण कमी पडलेली असते पाठीची लांबी. पाठीच्या पात्यांवरून आडवा काप द्या, मुंढ्यापाशी धागाभर जोडलेलं ठेवा, जितकं आपोआप उघडतं तितकं उघडू द्या, आणि खाली मांजरपाटाची पट्टी टाचा. सहसा पाव ते अर्धा इंच लागतो.

पाठ ठीक असूनही खोल गळ्याची मागची कड उभी राहत असेल तर गळ्याची कड लांब झाली आहे. कडेला चिमटा घेऊन माप काढा. पाव इंच असेल तर कागदावर गळ्याच्या कडेपासून मुंढ्याकडे निमुळती होत जाणारी पाव इंचाची घडी घालायची आणि मध्य पुन्हा सरळ आखायचा. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे खोल हवे असतील तर रुंदी आवरा. दोन्ही खोल आणि दोन्ही रुंद गळा खांद्यावर टिकत नाही. नाडी बांधली तरी नाडी मानेवर ओढत राहते.

आता छाती. पुढं दोन हुकांच्या मध्ये तोंड उघडत असेल आणि उभाराच्या रेषेत आडवी ओढ असेल तर पुढचा भाग अरुंद आहे. सवयीनं कडेची टीप सोडली जाते. त्यानं पाठही रुंद होते, पाठीवर झोळ येतो, आणि पुढचा दोष निम्माच जातो. पाठ चांगली बसत असेल तर तिला हात लावू नका. फक्त पुढचा भाग वाढवायचा. उभारासाठी रुंदीबरोबर लांबीही लागते. ती कमी पडली आहे याची खूण म्हणजे पुढचा तळ वर चढतो आणि कडेची शिवण पुढं झुकते.

असं करा. अंगावर असतानाच उभाराच्या बिंदूवर फुली मारा, मग पोलकं उतरवून टेबलावर घ्या. उभा टक्स उसवा. तळापासून टक्सच्या मधोमध फुलीपर्यंत कापा, तिथून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे टिपेपर्यंत, टिपेवर धागाभर जोडलेलं ठेवून. दुसरा काप कडेच्या टक्समधून फुलीपर्यंत. आता कडेचा भाग बाहेर सरकवा. फुलीपाशी अर्धा इंच उघडलं तर दोन्ही बाजू मिळून १ इंच वाढलं. कडेचा टक्स आपोआप मोठा होतो आणि कडेचा तळ खाली उतरतो. मध्याकडचा तळ आडवा कापून तितकाच खाली न्या, म्हणजे तळ सरळ होईल. फटीखाली पट्ट्या टाचा, उभा टक्स पुन्हा घाला, परत अंगावर बघा. पहिल्यांदा करताना हात कापतो. मांजरपाट आहे, कापू दे.

टक्सचं टोक फुलीच्या अलीकडे, अर्धा ते पाऊण इंच आधी संपायला हवं. उभार जितका मोठा तितकं अंतर जास्त, इंचापर्यंत. टोक फुलीच्या वर जात असेल तर लांबी न वाढवता अख्खा टक्स खाली सरकवा. कटोरीत हेच कटोरीच्या जोडाबद्दल: जोडाचा सर्वांत फुगीर भाग फुलीवर आला पाहिजे. कटोरीच्या वरच्या कडेला पोकळी राहिली तर कटोरी मोठी आहे असं समजून सगळीकडून दाबू नका. फक्त वरच्या तिसऱ्या भागातून एक-दोन सूत काढा.

पुढच्या मुंढ्यापाशी उभाराकडे जाणारा झोळ सुटला असेल तर तो कापून टाकायचा मोह होतो. त्यानं मुंढा मोठा होतो, झोळ तसाच राहतो. चिमट्यात अर्धा इंच आला तर तो कागदावर बंद करून कडेच्या टक्समध्ये उघडायचा. कापड तेच, जागा बदलली.

मुंढा आणि बाही

सर्वांत जास्त पोलकी इथं बिघडतात, आणि ती उलट्या समजुतीमुळे. हात वर होत नाही म्हणून मुंढा खाली खोल कापला जातो. मग हात आणखी अडतो. कारण साधं आहे. मुंढा जितका खाली तितकी बाही कडेच्या शिवणीला खाली जोडलेली. हात उचलला की बाही सगळं पोलकं वर खेचते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात एकटा उचलला जातो. काखेत एक बोट सहज फिरलं पाहिजे. दोन-तीन बोटं जात असतील तर मुंढा वर घ्या. एकदा खोल कापलेला मुंढा वर घेता येत नाही, पट्टीच जोडावी लागते, म्हणूनही हे मांजरपाटावरच कळलेलं बरं.

दंडावर आडवी ओढ असेल तर बाही रुंद करा, आणि तसं करताना बाहीचा माथा (खांद्याकडची वरची गोलाई) थोडा उतरवा म्हणजे मुंढ्याशी माप जुळून राहील. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा हवा, पण किती ते कापडावर आहे. सुती कापडात पाऊण ते १ इंच दाबून बसवता येतो, रॉ सिल्क-ब्रोकेडमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर चुण्या पडतात. बाहीची उभी रेघ पुढं किंवा मागं फिरलेली दिसली तर बाही उसवून माथ्याची खूण दोन ते चार सूत विरुद्ध दिशेला सरकवा. हात नैसर्गिकच पुढं झुकलेले असतील त्यांना खूण पुढं लागते.

काठपदराच्या बाहीला दंडाच्या घेरात मांजरपाटापेक्षा पाव इंच जास्त ठेवा. काठाची घडी आत गेली की तितकी जागा ती खाते.

कागदावर उतरवणं

अंगावर सगळं बसलं की लाल पेननं टाचण्यांच्या दोन्ही बाजूंना खुणा करा, मगच टाचण्या काढा. हे उलट झालं तर पुन्हा सुरुवात. पोलकं उसवा, इस्त्री करून सपाट करा, कागदावर मध्य-मध्य जुळवून ठेवा आणि नव्या रेघा आखा.

हिशोबात हमखास होणारी चूक: चिमट्याचं माप. कडेला पाव इंचाचा चिमटा घेतला म्हणजे घडीत दोन्ही पदर मिळून अर्धा इंच कापड गेलं, दोन्ही कडांना मिळून १ इंच. कागदावर मात्र पुढच्या भागातून पाव आणि मागच्या भागातून पाव इतकंच काढायचं, कारण कागद निम्म्या अंगाचा आहे. १ इंच कमी झाला म्हणून कागदावर पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांतून १-१ इंच कापला तर पोलकं ४ इंचांनी लहान होईल.

प्रत्येक बदलाचा जोडीदार तपासा. पुढचा खांदा बदलला तर मागचा जुळतो का, मुंढा बदलला तर बाहीचा माथा, तळ बदलला तर पट्टा. टेप उभी धरून टिपेच्या रेघेवर मोजा, कापडाच्या कडेवर नाही.

बदल अर्ध्या इंचापेक्षा मोठे आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी असतील तर दुसरं कच्चं पोलकं शिवा. कंटाळा येतो, पण मोठे बदल एकमेकांवर परिणाम करतात आणि ते कागदावर दिसत नाहीत. बदल लहान असतील तर सरळ अस्तर कापून त्यावर शेवटची खात्री करा.

खऱ्या कापडावर जाताना

मांजरपाट एकपदरी होता, खरं पोलकं दोन पदरी आणि जाड. ब्रोकेड किंवा रॉ सिल्कला अस्तर लावलं की शिवणींची जाडीच घेर खाते. प्रत्येक कडेला एक सूत वाढवा. छातीला सगळी मिळून १ ते दीड इंच ढील (अंगाच्या मापाहून जादा सैलपणा) ठेवतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना भुसावळ-जळगावकडच्या मांडवात घालायचं अस्तराचं रेशमी पोलकं असेल तर दीड इंचच ठेवा. घामानं ओलं झालेलं रेशीम अंगाला चिकटतं, सरकत नाही, आणि हात उचलताना शिवण उसवते ती काखेतच.

हुकांच्या जागा छातीच्या रेघेपासून ठरवा. एक हूक बरोबर त्या रेघेवर, बाकीचे वर-खाली सव्वा ते दीड इंचावर. वरून सारखी अंतरं मोजत आलात तर छातीची रेघ दोन हुकांच्या मध्ये पडते आणि तिथंच तोंड उघडतं.

कडेला माया इंचभर आत राहू द्या आणि पक्क्या टिपेच्या बाहेर पाव-पाव इंचावर आणखी दोन टिपा मारून ठेवा. पोलकं घट्ट झालं की आतली टीप उसवली, काम झालं. पण ब्रोकेडवर आणि टिश्यूवर या जादा टिपा फक्त अस्तराला मारा.

लाल खुणांच्या कागदावर नाव, महिना, छातीचं माप आणि कोणत्या ब्रावर ट्रायल घेतली ते लिहा. उसवलेले मांजरपाटाचे तुकडे त्याच कागदात गुंडाळून ठेवा, आणि पोलकं घालून एकदा धुऊन होईपर्यंत ते पुसणं म्हणून कुणाला घेऊ देऊ नका.